बेसबॉल हरल्यावर आधी काय करायचं, नंतर काय: खेळणाऱ्यांसाठी आणि पहाटे उठून बघणाऱ्यांसाठी

गोव्यात बेसबॉल खेळणारी पोरं थोडी आहेत. मैदान फुटबॉलचं, संध्याकाळ क्रिकेटवाल्यांची, मग उरलेल्या वेळेत आपण. त्यामुळे होतं काय, मॅच हरून घरी आलं की नक्की काय झालं ते सांगायला माणूस मिळत नाही. फुटबॉलमध्ये वाड्याची टीम हरली तर रात्री तिठ्यावर अर्धा वाडा त्यावर बोलतो आणि बोलून बोलून सगळ्यांचं डोकं हलकं होतं. बेसबॉल हरलेल्या पोराला घरचे विचारतात जिंकलात की हरलात, तो म्हणतो हरलो, विषय संपला. त्याच्या डोक्यात मात्र शेवटची इनिंग रात्रभर चालू असते.

मी नववीत सॉफ्टबॉलवरून बेसबॉलला आलो, अकरा-बारा वर्षं शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) खेळलो, आता दर रविवारी सकाळी डिचोलीजवळ शाळकरी मुलांची प्रॅक्टिस घेतो आणि जमेल तेव्हा पहाटे उठून अमेरिकेतली मेजर लीग बघतो. दोन्हीकडून भरपूर हरलोय. आणि बरीच वर्षं हरल्यावर जे करायचं ते मी उलट्या क्रमाने केलं, म्हणजे मॅच संपल्या संपल्या चूक कोणाची ते शोधायचो, रात्रभर तीच इनिंग आठवायचो, आणि माणसांची विचारपूस सगळ्यात शेवटी. त्यातून माझ्या हातून एक गोष्ट अशी बिघडली की ती आजपर्यंत पूर्ण सुधारली नाही, ती पाचव्या स्टेपमध्ये सांगतो.

आता मी पोरांना एकच क्रम सांगतो. आधी शरीर, मग माणसं, मग स्कोअरबुक. कितीही घाई झाली तरी हा क्रम बदलायचा नाही.

काय काय जवळ पाहिजे

- पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि खायला काहीतरी, केळी चालतील
- कोरडा पंचा, आणि ग्लव्ह पुसायला वेगळं फडकं
- त्या मॅचचं स्कोअरबुक किंवा त्याच्या पानांचे फोटो (तुमच्याकडे स्कोअरर नसेल तर समोरच्या टीमकडे मागा, आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही)
- एक शंभर पानी वही
- फॅन असाल तर फोनमधले क्रीडाबातम्यांचे नोटिफिकेशन बंद करायची सवय
- एक माणूस, ज्याला बेसबॉल कळलं नाही तरी चालेल पण जो मध्ये न बोलता ऐकून घेईल

१. मैदान सोडायच्या आधीची दहा मिनिटं

लाईनमध्ये उभं राहून समोरच्या टीमशी हात मिळवायचे. डोळ्यात पाणी असलं तरी मिळवायचे, ते पाणी बघून कोणी हसत नाही, तेही कधीतरी हरलेले असतात. बॅट, हेल्मेट, ग्लव्ह फेकायचा नाही. मग सगळ्यांनी मिळून बॉल मोजायचे. हे मी मुद्दाम करायला लावतो, आमच्याकडे कुंपणापलीकडे झाडी आहे आणि दोन-तीन बॉल हमखास तिकडे असतात, ते शोधायला पंधरा पोरं गवतात वाकून फिरली की हाताला काम मिळतं आणि कोणाला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आणि स्कोअरबुकच्या पानांचे फोटो तेव्हाच काढून ठेवा, बघू नका, नुसते काढा.

इथला मोठा सापळा म्हणजे अंपायर. त्याच्या अंगावर धावून जायची इच्छा होते ती पहिल्या दहा मिनिटांतच. मी पोरांना तेव्हा २ जून २०१० ची गोष्ट सांगतो. डेट्रॉइटचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आर्मांडो गलारागा, त्याने ओळीने २६ बॅटर आऊट केले होते, सत्ताविसावा आऊट झाला की परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर न पोचलेली मॅच, जो भल्याभल्या पिचरना अख्ख्या करिअरमध्ये मिळत नाही. बॅटर फर्स्ट बेसवर स्पष्ट आऊट होता आणि अंपायर जिम जॉइसने सेफ दिला. गलारागा नुसता हसला, परत माऊंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) गेला आणि पुढचा बॅटर आऊट करून मॅच संपवली. जॉइसने नंतर रिप्ले बघितला, रडला, त्याच्याकडे माफी मागितली. दुसऱ्या दिवशी मॅचच्या आधी होम प्लेटवर (बॅटर उभा राहतो तिथे) जॉइसच्या हातात लाइनअप कार्ड, म्हणजे खेळाडूंची यादी, द्यायला डेट्रॉइटकडून गलारागाच गेला. मॅच त्याची टीम जिंकली होती हे खरं, पण त्याचं जे गेलं ते परत मिळणारं नव्हतं.

२. पहिला तास फक्त शरीराचा

आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात, त्या दमट हवेत अडीच तास फुल पँट घालून खेळल्यावर अंगातलं पाणी किती गेलेलं असतं याचा अंदाज येत नाही, आणि अर्धी निराशा ही तहान आणि भूक असते हे मला फार उशिरा कळलं. आधी पाणी, मग खाणं. आम्ही सगळे मिळून गाड्यावर जातो, पातळ भाजी, पाव, गरम मिर्ची भजी, चहा. खाताना मॅचचा विषय काढायचा नाही, एवढा एक नियम. सुरुवातीला पोरं गप्प बसून खातात, पंधरा-वीस मिनिटांनी कोणीतरी परीक्षेचं नाहीतर गाडीचं काहीतरी बोलायला लागतो, तिथून मग बरं वाटायला लागतं.

पिचरसाठी वेगळं सांगतो. हरलेला पिचर घरी जाऊन मागच्या भिंतीवर बॉल मारत बसतो, मी तीन-चार पोरांना हे करताना पकडलंय. अजिबात करू नका. हात थकलेला असतो आणि राग आला की नेहमीपेक्षा जोरात फेकला जातो. मेजर लीगच्या ज्या पिच स्मार्टच्या सूचना आहेत त्यात १५-१६ वर्षांच्या पिचरला दिवसाला ९५ पिचची, म्हणजे टाकलेल्या बॉलची, मर्यादा आहे, आणि ७६ किंवा त्याहून जास्त टाकल्या तर पुढे चार दिवस विश्रांती. आमचे पिच कोणीतरी मोजतोच, तुमच्याकडे मोजत नसतील तर बदली खेळाडूला काउंटर देऊन बसवा. कोपर आतल्या बाजूने दुखत असेल तर सरांना सांगा आणि डॉक्टरला दाखवा. हरलो म्हणून दुखणं लपवायचं असं काही नाही, पण पोरं लपवतात, त्यांना वाटतं आता दुखतंय म्हटलं तर बहाणा वाटेल.

३. घरी जाताना

बसस्टँडवर टीमचा शर्ट बघून कोणीतरी विचारणारच, "जिखले मरे?" (जिंकलात ना?) यावर सरळ उत्तर द्यायचं, हरलो, सात-सहा. स्कोअर सांगायचा, पुढे पण-बिण लावायचं नाही. दोन-तीनदा मोठ्याने सांगितलं की तोंडाला सवय होते आणि मग घरी सांगताना घसा दाटत नाही.

आई-वडिलांसाठी इथेच एक विनंती आहे. स्कूटरवर मागे बसलेल्या पोराला बॅट कशी फिरवायला हवी होती ते सांगू नका. त्याला ते दिसतंय, तो तेच बघतोय. भूक लागली का विचारा, आणि बोलला तर ऐका, नाही बोलला तर गाडी चालवा.

४. त्या रात्री

अंघोळ करा, लाल मातीचे डाग पडलेली पँट लगेच भिजत घाला, उद्यावर टाकली तर तो डाग जात नाही. ग्लव्ह बॅगेतून काढून फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवा. रागाने बॅगेत कोंबून ठेवलेल्या ग्लव्हला आपल्या हवेत आठवड्याभरात बुरशी धरते, माझा एक चांगला ग्लव्ह असाच गेला.

व्हिडिओ बघायचा नाही. ग्रुपवर लिहायचं नाही. रात्री साडेअकराला टीमच्या ग्रुपवर लिहिलेलं एक वाक्य सकाळी डिलीट करता येतं पण वाचलेलं डिलीट होत नाही. तीच ती इनिंग डोक्यात फिरत राहिली तर वहीत एकदाच लिहून काढा, कोण कुठल्या बेसवर होतं, किती आऊट होते, बॉल कुठे आला, तुम्ही काय केलं. एकदाच. मग वही बंद करून झोपा, ती वही तिसऱ्या दिवशी लागणार आहे.

५. ज्याच्या हातून चूक झाली त्याचं काय

ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप.

बेसबॉल हा असा खेळ आहे की त्याच्या स्कोअरबोर्डावर रन, हिट आणि त्यांच्या शेजारी एरर लिहितात. सगळ्या मैदानाला दिसेल असं. स्कोअरबुकात तर कोणाची तेही असतं, थर्ड बेस म्हणजे ५ नंबर, त्याच्याकडून चूक झाली की ई-५. दुसऱ्या खेळांत चूक हवेत विरून जाते, इथे ती कागदावर राहते.

मी एकोणीस वर्षांचा होतो, टीमचा कॅप्टन. सात इनिंगची मॅच, शेवटची इनिंग, आम्ही ६-४ ने पुढे, दोन आऊट झालेले (तिसरा झाला की इनिंग संपते), समोरच्यांचे रनर, म्हणजे बेसवर पोचलेले बॅटर, सेकंड आणि थर्डवर. ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा बॉल, थर्ड बेसकडे गेला. साधा होता, पण आपल्या जांभ्याच्या मैदानात खडे असतात तुम्हाला माहीतच आहे, शेवटच्या टप्प्याला बॉल खड्यावर आपटून वर उडाला, त्या पोराच्या मनगटाला लागला आणि मागे लेफ्ट फिल्डला गेला. दोघे आत म्हणजे होम प्लेटला आले, ६-६. पुढच्या बॅटरने डबल (सेकंड बेसपर्यंत नेणारा हिट) मारला आणि फर्स्टवरचा रनर घरी आला. ७-६.

मी त्याच्याकडे चालत गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "एवढा साधा बॉल पकडता येत नाही तुला?" तो काही बोलला नाही. मनगट दुसऱ्या हाताने धरून उभा होता, मला वाटलं नाटक करतोय.

पुढच्या रविवारी तो प्रॅक्टिसला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याने त्याचा धाकटा भाऊ टीमचा शर्ट घेऊन आला, धुतलेला, इस्त्री केलेला, घडी घालून कागदी पिशवीत. तो थर्ड बेसवाला परत कधीच खेळला नाही.

आठेक महिन्यांनी कपाट आवरताना त्या मॅचचं स्कोअरबुक हाताला लागलं तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. आम्ही आठ वॉक (चार वाईट पिच टाकून बॅटरला फुकट दिलेला फर्स्ट बेस) दिले होते आणि समोरच्यांच्या सात रनांपैकी चार वॉकवर बेसवर गेलेल्यांचे होते. आमचे नऊ रनर बेसवर अडकून राहिले होते. आणि तिसऱ्या इनिंगमध्ये एक आऊट, तिन्ही बेस भरलेले, बॅटिंगला मी. पहिलाच पिच, खांद्याच्या वरचा, मी मारायला गेलो, बॉल उंच उडून सेकंड बेसच्या डोक्यावर, इन्फिल्ड फ्लाय, म्हणजे कोणी पकडायच्या आधीच मी आऊट. एक रन आला असता तरी शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही तीन रनांनी पुढे असतो. त्या इनिंगबद्दल मला कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मलाही ती आठवत नव्हती.

बिल बकनरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, नसेल तर ऐका. २५ ऑक्टोबर १९८६, मेजर लीगच्या फायनलची, म्हणजे सातपैकी चार जिंकायच्या वर्ल्ड सिरीजची, सहावी मॅच, बोस्टन रेड सॉक्स सिरीजमध्ये ३-२ ने पुढे. दहाव्या, म्हणजे नऊनंतरच्या जादा इनिंगमध्ये बोस्टनकडे ५-३ ची आघाडी, दोन आऊट, बेसवर कोणी नाही. तिथून न्यूयॉर्क मेट्सनी ओळीने तीन सिंगल (फर्स्ट बेसपर्यंतचे हिट) मारले, मग बोस्टनच्या पिचरचा वाइल्ड पिच (कॅचरला न सापडणारा बॉल) गेला आणि स्कोअर ५-५ झाला, आणि त्यानंतर मूकी विल्सनचा हळू ग्राउंडर फर्स्ट बेसवरच्या बकनरच्या पायांमधून निघून गेला. लोकांना एवढंच आठवतं की बकनरने वर्ल्ड सिरीज घालवली. स्कोअर त्याच्या आधीच बरोबरीत आला होता हे कोणी सांगत नाही. सातवी मॅच अजून बाकी होती आणि तिच्यात बोस्टन ३-० ने पुढे असून ८-५ ने हरलं हेही नाही. २,७१५ हिट मारलेला माणूस तो, १९८० चा बॅटिंग चॅम्पियन. बोस्टनच्या मैदानात ८ एप्रिल २००८ ला त्याला सीझनच्या पहिल्या घरच्या मॅचचा पहिला पिच टाकायला बोलावलं, अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि तो डोळे पुसत होता. मधे एकवीस वर्षं गेली.

मला चार वर्षं लागली. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तो थर्ड बेसवाला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान घेत होता, हातात सुपाऱ्यांचा घड. मी तिथेच गर्दीत म्हणालो की त्या दिवशी माझी चूक झाली, मी तसं बोलायला नको होतं. तो म्हणाला, "अरे, मी विसरलोपण." मग त्याने तो घड खाली ठेवला आणि डावा हात पुढे करून मला दाखवलं, बॉल असा येत होता, आणि इथून असा उडाला.

तर आता नक्की काय करायचं:

मैदानावर त्याला काही बोलू नका, बाजूला जाऊन उभे राहा, पाणी द्या. त्या रात्री त्याला एकच मेसेज, "रविवारी सात वाजता तुला घ्यायला येतो." आणि खरंच जा. "विसरून जा रे" म्हणू नका, विसरता आलं असतं तर तो विसरला असता. आणि "तुझ्यामुळे नाही हरलो" हे तर मुळीच नको, त्याला त्यातलं "तुझ्यामुळे" एवढंच ऐकू येतं.

चूक तुमच्या हातून झाली असेल तर टीमला एकदा सांगा, तो बॉल माझा होता, आणि थांबा. दहा वेळा सॉरी म्हणत राहिलात तर प्रत्येक वेळी त्यांना तुमची समजूत काढावी लागते आणि तेही दमतात.

६. तिसऱ्या दिवशी स्कोअरबुक

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या. वहीत तीन रकाने पाडा. पहिला, आमच्या हातात होतं ते: वॉक, एरर, चुकीच्या बेसवर फेकलेला बॉल, दोन स्ट्राइकनंतर (तिसऱ्याला आऊट) नुसता बघत राहिलेला पिच. दुसरा, समोरच्यांनी चांगलं केलं ते. हा रकाना पोरं रिकामा ठेवतात, मी भरायला लावतो, कारण समोरचा पिचर चांगला होता हे मान्य केलं की अर्धा राग तिथेच उतरतो. तिसरा, नशीब, म्हणजे खडा, वारा, सरळ कोणाच्या तरी ग्लव्हमध्ये गेलेला सणसणीत लाइन ड्राइव्ह. मग पहिल्या रकान्यातल्या फक्त दोन गोष्टी निवडायच्या आणि पुढच्या महिन्याच्या प्रॅक्टिसमध्ये त्याच घ्यायच्या. सगळ्या सुधारायला जाल तर एकही होत नाही.

नवीन आलेल्यांना हेही सांगायला पाहिजे की या खेळात अपयशाचं मापच वेगळं आहे. दहा वेळा बॅटिंगला जाऊन तीन हिट मारणारा उत्तम बॅटर धरतात, म्हणजे सात वेळा तो मान खाली घालून परत येतो. मेजर लीगच्या आजच्या दोन लीगमध्ये (अमेरिकन आणि नॅशनल) अख्ख्या सीझनला दहात चारच्या वर शेवटचा गेला तो टेड विल्यम्स, १९४१ साली, .४०६. तिथे एक टीम सीझनला १६२ मॅच खेळते. २००१ मध्ये सिअॅटलने त्यातल्या ११६ जिंकल्या आणि तरी वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले नाहीत, आधीच यांकीजकडून हरले.

पण खरं सांगायचं तर १६२ मॅचचा दिलासा आपल्याला तसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याला वर्षात दहा-बारा मॅच मिळाल्या तरी पुष्कळ, पावसात जून ते सप्टेंबर मैदान बंद, आणि स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या, एक हरली की घरी. आपली तऱ्हा जपानच्या कोशिएनच्या जवळची आहे, तिथल्या शाळांची बेसबॉल स्पर्धा, एक मॅच हरली की संपलं, आणि हरलेली मुलं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी ती शेवटची मॅच असते. तुमचीही शेवटची मॅच असेल तर या स्टेपमधले रकाने सोडा, वाईट वाटू द्या, टीमबरोबर एक फोटो काढा. बाकीच्यांनी आपसात दोन टीम पाडून जास्त मॅच खेळाव्यात, प्रत्येक हरण्याचं ओझं कमी करायचा मला तरी दुसरा मार्ग सापडलेला नाही.

७. फॅन असाल तर

आपली अडचण वेळेची आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागते, पश्चिम किनाऱ्यावरची सात-दहाची आपल्या सकाळी सात-चाळीसला. म्हणजे टीम हरते तेव्हा आपला दिवस सुरू होत असतो, पोदेर (पाववाला) हॉर्न वाजवत दारात आलेला असतो, घरात कोणाला काही पत्ता नसतो, आणि तासाभरात कामावर पोचायचं असतं. रात्री हरलं तर झोपता तरी येतं.

माझी टीम टोरंटो ब्लू जेज, कारण आतेभाऊ तिकडे आहे. २०२५ ची वर्ल्ड सिरीज, सातवी मॅच, आपल्याकडे २ नोव्हेंबरचा रविवार, साडेपाचला उठून बसलो. टोरंटोने आधीचं विजेतेपद १९९३ साली मिळवलेलं. तिसऱ्या इनिंगमध्ये बो बिशेटने तीन रनांचा होमरन मारला तेव्हा मी उशी तोंडावर दाबून ओरडलो, घरचे झोपलेले होते. नवव्या इनिंगला ४-३ ने पुढे, दोन आऊट राहिले होते, आणि समोरच्या लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन मारला, ४-४. त्याच इनिंगच्या दुसऱ्या भागात आमचे तिन्ही बेस भरलेले, एक आऊट, ग्राउंडर त्याच रोहासकडे गेला आणि त्याने होमवर फेकून रनर आऊट केला, किती बारीक फरकाने ते रिप्लेमध्ये बघवत नव्हतं. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथचा होमरन, मग आमच्या शेवटच्या संधीला डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आऊट), ५-४, संपलं. दहा वाजायला आले होते.

तुळशीच्या लग्नाचे दिवस, आईने अंगणात वृंदावन धुवायला काढलेलं. तिने दोनदा हाक मारली तेव्हा मी ऐकूनही ओ दिली नाही. मग आतेभावाचा फोन आला, तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, आम्ही दोघं एखादं मिनिट काहीच बोललो नाही, तो म्हणाला सकाळी बोलू, ठेवला. मी बाहेर जाऊन ब्रश घेतला आणि वृंदावनाला रंग लावायला बसलो, मग आवळ्या-चिंचेच्या फांद्या, ऊस आणायला गेलो. फोन घरीच ठेवला. दुपारी जेवायला बसलो तेव्हा पोटात जे घट्ट झालं होतं ते बरंच सैल झालेलं.

तेव्हापासून हे नियम पाळतो:

लाईव्ह बघायची की नंतर, हे आदल्या रात्री ठरवायचं. नंतर बघणार असाल तर सकाळी नोटिफिकेशन बंद, आणि पहिल्या अर्ध्या तासात फोन उघडायचा नाही. रोजच्या रोज पहाटे उठू नका, आठवड्याला एक-दोन मॅच निवडा, झोप अपुरी असताना पाहिलेली हार दुप्पट लागते. हरल्यावर लगेच हायलाइट्स आणि लोकांची मतं वाचत बसू नका, हातांनी करायचं एखादं काम घ्या. खेळाडूंच्या अकाउंटवर जाऊन घाणेरडं लिहू नका, मी आयुष्यात एका पोराला एक वाक्य बोललो त्याचं काय झालं ते वर सांगितलंय. आणि मॅचवर पैसे लावू नका. पैसे गेले की ते दुःख टीमचं राहत नाही, ते वेगळंच काहीतरी होतं आणि ते घरापर्यंत येतं.

दोन आठवड्यांनी सीझनचे आकडे बघितले तर बरं वाटतं. त्या वर्षी विजेते झालेले डॉजर्ससुद्धा साध्या सीझनमध्ये ६९ मॅच हरले होते. आमच्या ब्लू जेजनी ९४ जिंकल्या होत्या, त्यांच्यापेक्षा एक जास्त.

८. दोन आठवड्यांनीही बरं वाटत नसेल तर

झोप येत नाही, जेवण जात नाही, पोरगा कॉलेजला जायचं टाळतोय, बॅगेला हात लावत नाही, असं दोन आठवडे चाललं तर ते आता मॅचपुरतं राहिलेलं नाही असं समजा. बहुतेक वेळा मागे दुसरं काहीतरी असतं आणि मॅच हे नुसतं निमित्त. घरच्यांशी किंवा सरांशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतो. बांबोळीला मनोविकार संस्थेत दाखवता येतं. पोरांना तिथे जायची लाज वाटते, कोपर दुखलं तर डॉक्टरकडे जातो ना, तसंच हे.

९. पुढची पहिली प्रॅक्टिस

टीमला लेक्चर देऊ नका. तीन रकान्यांतल्या निवडलेल्या दोन गोष्टी सांगा, दोन मिनिटांत, आणि कामाला लागा.

आमच्याकडे हल्ली प्रॅक्टिसच्या आधी सगळे एका रांगेत उभे राहतात आणि थर्ड बेसपासून सेकंड बेसपर्यंत हळूहळू चालत खडे वेचतात. मोठे पोरही, मीही. पावसानंतरच्या पहिल्या दोन-तीन रविवारी बादली भरते, नंतर अर्धी. मग ज्या पोराच्या हातून मागच्या मॅचला बॉल सुटला त्याला त्याच्याच जागेवर उभं करतो आणि दिवसाचा पहिला ग्राउंडर त्याला. होम प्लेटवरून नाही, पंधरा-वीस पावलांवरून, दोन टप्प्यांत पोचेल असा. त्याने पकडला की शाबासकी वगैरे देत नाही, सगळे बघत असतात, त्याला अवघडल्यासारखं होतं. लगेच दुसरा मारतो, थोडा लांबून.